बाळंतपण गल्फमध्ये की गावाकडे? ठरवण्याआधी हे समजून घ्या

खडवली, टिटवाळा, पडघा, भिवंडी, कल्याण, मुंब्रा-कौसा. या पट्ट्यातल्या आपल्या घरांना गल्फ काही नवं नाही. १९७० च्या दशकात तेलाच्या पैशावर आखाती देशांत कामं निघाली, तेव्हा कोकणातली आणि ठाणे जिल्ह्यातली माणसं तिकडे गेली ती एकटीच. दोन-दोन वर्षांनी सुट्टी मिळायची, बाकी सगळं पत्रांतून. त्या काळी बाळंतपण कुठे करायचं हा सवालच नव्हता. बाप तिकडे, बाळ इकडे. बापाने पोराचं तोंड बघायचं ते पोरगं चालायला लागल्यावर.

आता पुष्कळ जण बायकोला फॅमिली व्हिसावर सोबत नेतात. त्यामुळे सुनेला दिवस गेल्याची खबर आली की मुबारकबादीच्या पाठोपाठ पहिला सवाल येतो, बाळंतपण कुठे करायचं? मुलीची अम्मी म्हणते, पहिलं बाळंतपण माहेरीच. नवरा म्हणतो, इथली हॉस्पिटलं चांगली आहेत. सासरे खर्च विचारतात. एखादी खाला सांगते, तिकडे जन्मलं तर पोराचं नशीब उघडेल. या गडबडीत जिच्या पोटात बाळ आहे तिला काय वाटतं, हे विचारायचं राहून जातं.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आखाती देशांच्या बाबतीत बाळ तिथे जन्मलं काय नि कल्याणला जन्मलं काय, ते भारतीयच राहणार आहे. म्हणून परदेशी कागदाच्या आशेने जागा निवडू नका. आईजवळ कोण असेल, अडचण आली तर चांगला डॉक्टर किती लांब आहे आणि खर्च झेपेल का, हे बघून जागा निवडा. मग जिथे जन्म होईल तिथले कागद मात्र मुदतीत पुरे करा. आता एकेक गोष्ट सविस्तर बघू.

दुबईत जन्मलं म्हणून दुबईचं होत नाही

पहिला गैरसमज हाच. यूएई, सौदी, कतार, कुवेत, ओमान, बहरीन यांपैकी कुठेही, भारतीय आईबापांचं बाळ निव्वळ तिथे जन्मलं म्हणून तिथलं नागरिक होत नाही. तिथलं नागरिकत्व मुख्यतः बापाकडून येतं. बाळाला मिळतो तो राहण्याचा व्हिसा, आणि तोही बापाच्या नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की बायको आणि बाळ, दोघांच्याही व्हिसाचा प्रश्न उभा राहतो.

अमेरिकेची गोष्ट वेगळी आहे. तिथे १८६८ पासून राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीमुळे जन्माने नागरिकत्व मिळत आलं आहे. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी तात्पुरत्या व्हिसावरच्या लोकांच्या मुलांना त्यातून वगळण्याचा आदेश काढला आणि प्रकरण कोर्टात गेलं. ब्रिटनने तर १ जानेवारी १९८३ पासूनच निव्वळ जन्मावर नागरिकत्व देणं बंद केलं. अमेरिकेतल्या नातेवाइकांचं उदाहरण बघून शारजामधला निर्णय घेऊ नये, तो हिशेब इथे लागू पडत नाही.

शिवाय भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. बाळासाठी दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेतला, तर ते भारतीय नागरिक राहत नाही. मग त्याच्यासाठी ओसीआय कार्ड काढावं लागतं. त्या कार्डावर भारतात राहता येतं, पण मतदान करता येत नाही.

एका वर्षाची मुदत, जी चुकवायची नाही

बाळ परदेशात जन्मलं तर ते आपोआप भारतीय होतं का? इथे भले शिकलेले लोकही चुकतात. नागरिकत्व कायदा १९५५ चा आहे. त्याच्या कलम ४ मध्ये २००३ साली दुरुस्ती झाली आणि ती ३ डिसेंबर २००४ पासून लागू आहे. त्या तारखेनंतर भारताबाहेर जन्मलेलं मूल वंशाने भारतीय ठरतं, पण एका अटीवर. जन्मापासून एका वर्षाच्या आत तिथल्या भारतीय दूतावासात किंवा वकिलातीत त्याच्या जन्माची नोंद झाली पाहिजे. बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असं आईबापांना लिहूनही द्यावं लागतं.

वर्ष उलटलं तर दरवाजा पुरता बंद होत नाही. पण मग केंद्र सरकारची परवानगी लागते, उशीर का झाला याची कारणं लिहून द्यावी लागतात आणि वाट बघावी लागते. तेवढा काळ बाळाला पासपोर्ट नाही, म्हणजे त्याचा व्हिसा अडकणार आणि सुट्टीला घरी येणंही अडकणार.

आपल्या समाजाला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. २०१९-२० मध्ये नागरिकत्वाच्या कागदांची चर्चा सुरू झाली तेव्हा जन्मदाखल्यांसाठी ठिकठिकाणी लोकांची किती धावपळ झाली, ते सगळ्यांनी पाहिलं आहे. २०२५ पासून महाराष्ट्रात उशिरा केलेल्या जन्मनोंदींची कसून तपासणी सुरू झाली. मालेगावच्या नोंदींसाठी तर विशेष तपास पथक नेमलं गेलं. अशा दिवसांत वेळेवर झालेली नोंद ही बाळासाठी आईबापांनी करून ठेवलेली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात पक्की तजवीज आहे.

तिकडे कामं साधारण या क्रमाने होतात. हॉस्पिटलमधून जन्माचा अहवाल, मग तिथल्या सरकारचा जन्मदाखला, त्यावर परराष्ट्र खात्याचा शिक्का, मग भारतीय वकिलातीत जन्मनोंद आणि पासपोर्टचा अर्ज, आणि शेवटी बाळाचा व्हिसा व ओळखपत्र. यूएईमध्ये बाळाचा रहिवासी व्हिसा जन्मापासून १२० दिवसांत व्हावा लागतो, त्यानंतर दंड चढत जातो. म्हणून चाळीस दिवस झाल्यावर बघू, असं म्हणत बसू नये. पहिल्या आठवड्यातच बापाने कागदांच्या मागे लागावं. वकिलातीकडून मिळालेलं जन्मनोंदीचं प्रमाणपत्र जन्मभर जपून ठेवायचं. पोरगं मोठं झाल्यावर त्याच्या भारतीयत्वाचा मूळ पुरावा तोच आहे.

इकडे जन्म झाला तर

भारतात जन्मलेल्या मुलासाठी नियम असा आहे की आईबाप दोघं भारतीय असतील तर मूल जन्मानेच भारतीय. वकिलात नाही, एका वर्षाची अट नाही. फक्त २१ दिवसांच्या आत जन्मनोंद झाली पाहिजे. हॉस्पिटलमध्ये बाळंतपण झालं तर ही माहिती हॉस्पिटलच कळवतं, पण दाखला हातात येईपर्यंत आपण पाठपुरावा करायचा.

जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथे होते, राहत्या गावी होत नाही. म्हणजे खडवलीची लेक कल्याणच्या हॉस्पिटलात बाळंत झाली, तर दाखला कल्याण-डोंबिवली महापालिकेत मिळणार. खडवलीच्या ग्रामपंचायतीत हेलपाटे घालून उपयोग नाही.

जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा २०२३ मध्ये सुधारला. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळेचा दाखला, आधार, मतदार यादी, पासपोर्ट या सगळ्याला जन्मदाखला हाच मुख्य कागद झाला आहे. पूर्वीसारखं शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख दाखवून भागत नाही. त्यामुळे नावाचं एक अक्षर चुकलं तरी ते आताच दुरुस्त करून घ्या.

निकाहनामा आहे, पण मॅरेज सर्टिफिकेट आहे का?

आखाती देशांत बाळाचा जन्मदाखला मिळवताना आईबापांच्या लग्नाचा कागद मागतात. फॅमिली व्हिसालाही तो लागतो. आपल्याकडे निकाहनामा कपाटात असतो आणि त्यावर समाधान मानलं जातं. पण परदेशी कामासाठी सरकारी विवाह नोंदणीचा दाखला असलेला बरा. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली ही नोंदणी होते, गावात ग्रामसेवकाकडे आणि शहरात महापालिकेच्या कार्यालयात. त्यानंतर राज्य शासन आणि परराष्ट्र मंत्रालय यांचं साक्षांकन होतं. यूएईसाठी पुढे त्यांच्या दूतावासाचाही शिक्का लागतो. यातलं काहीही पोटात सातवा महिना असताना सुरू करायचं काम नाही.

नावाचा घोळ तर आपल्याकडे घरोघरी. एका कागदावर मोहम्मद पूर्ण लिहिलेलं, दुसऱ्यावर आखूड केलेलं. शेख कुठे एका स्पेलिंगने, कुठे दुसऱ्या. बायकोच्या पासपोर्टवर अजून वडिलांचं नाव, नवऱ्याचं नावच नाही. अरबीतून इंग्रजीत नाव उतरवताना तिसराच प्रकार होतो. आईबापांच्या पासपोर्टवर जे स्पेलिंग आहे, तेच बाळाच्या दाखल्यावर यायला हवं. हॉस्पिटलचा फॉर्म भरताना पासपोर्टची प्रत समोर ठेवा, तोंडी सांगून मोकळे होऊ नका.

खर्चाचा हिशेब

तिकडच्या बाळंतपणाचा खर्च विम्यावर ठरतो. दुबईत बायको-मुलांचा विमा काढण्याची जबाबदारी त्यांना बोलावून घेणाऱ्यावर, म्हणजे बहुतेक वेळा नवऱ्यावर असते. १ जानेवारी २०२५ पासून खासगी क्षेत्रातल्या कर्मचाऱ्यांसाठी सगळ्या अमिरातींत आरोग्य विमा सक्तीचा झाला. पण कर्मचाऱ्याचा विमा आहे म्हणजे बायकोचा आहे, असं धरून चालू नका.

पॉलिसी हातात घेऊन इतक्या गोष्टी विचारा: बाळंतपण त्यात आहे का? किती रकमेपर्यंत? सिझेरियन झालं तर किती? आपल्या खिशातून किती टक्के? कोणत्या हॉस्पिटलात चालेल? बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं तर? दुबईत नवजात बाळ पहिले ३० दिवस आईच्या विम्याखाली असतं, त्यानंतर त्याचा वेगळा विमा लागतो. व्हिजिट व्हिसावर बायकोला नेऊन तिथे बाळंतपण करण्याचा विचार असेल तर जरा थांबा. प्रवासी विम्यात बाळंतपण सहसा नसतं, सगळं रोख भरावं लागतं आणि बाळाच्या व्हिसाची गुंतागुंत वेगळीच.

सौदीत आणखी एक खर्च आहे. जुलै २०१७ पासून तिथे परदेशी कामगाराच्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे दरमहा फी सुरू झाली. ती १०० रियालवरून वाढत जुलै २०२० पासून ४०० रियाल झाली. म्हणजे बायको आणि एक बाळ यांचे महिन्याला ८०० आणि वर्षाला ९,६०० रियाल. पुष्कळ कुटुंबं त्या काळात याच कारणाने गावी परतली. बाळ तिकडे जन्माला घालणं म्हणजे दवाखान्याचं एक बिल भरून सुटणं नव्हे. त्यानंतर कुटुंब तिथे ठेवता येणार आहे का, हा खरा हिशेब आहे.

इकडेही बाळंतपण फुकट होतं असं नाही. सरकारी दवाखान्यात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या आणि जेवण मोफत आहे. पण गल्फवाल्याची बायको म्हटली की घरचे खासगी हॉस्पिटलच धरतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या खासगी हॉस्पिटलांत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाल्याचं दिसलं, सरकारीत १४.३ टक्के. अवघड केसेस मोठ्या हॉस्पिटलांकडे जातात हे खरं, तरी एवढी तफावत विचार करायला लावते. सिझेरियन गरजेचं असेल तर ते जीव वाचवतं. पण ते का लागतंय, हे डॉक्टरला विचारायचा हक्क आईला आहे.

खडवलीहून दवाखाना किती लांब?

गावाकडे बाळंतपण म्हटलं की डोळ्यांसमोर अम्मीच्या हातचा हलवा येतो. रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या तर काय, ते कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. खडवलीला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. नियमित तपासणी, रक्त, लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन यासाठी ते बरं, आणि आशाताईकडे नाव नोंदवलं की माता-बाल संरक्षण कार्डही मिळतं. सिझेरियनची किंवा रक्त चढवण्याची वेळ आली की मात्र कल्याणचं रुक्मिणीबाई, उल्हासनगरचं मध्यवर्ती, भिवंडीचं इंदिरा गांधी रुग्णालय किंवा कल्याणमधलं एखादं खासगी हॉस्पिटल गाठावं लागतं. त्याहून अवघड झालं तर कळवा, ठाणे, मुंबई.

लोकलने कल्याण अर्ध्या तासाच्या आसपास. पण कसारा मार्गावर गाड्या कमी, रात्री तर आणखी कमी. पावसाळ्यात भातसा फुगली, रुळांवर पाणी आलं की तोही मार्ग थांबतो. पडघ्याकडून नाशिक हायवेने जावं तर ट्रॅफिक. त्यामुळे जुलै-ऑगस्टची तारीख असेल आणि आधीचं सिझेरियन, बीपी, साखर, जुळं असं काही असेल, तर शेवटचे दोन-तीन आठवडे कल्याणात एखाद्या नातेवाइकाकडे राहण्याची सोय आधीच करून ठेवावी. १०८ आणि १०२ हे दोन्ही नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये हवेत, आणि गाडीवाला आधी बोलून ठेवलेला हवा.

हे भीती घालायला सांगत नाही. २०१८-२० च्या सरकारी आकडेवारीनुसार महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू होते, देशात ९७. केरळखालोखाल महाराष्ट्राचा नंबर होता. आपल्याकडे चांगली सोय मिळते. ती कुठे आहे आणि तिथे कसं पोहोचायचं, एवढं आधी ठरवलेलं असलं पाहिजे.

यायचं तर कधी यायचं

माहेरी यायचं ठरलं तर विमानाचा नियम बघावा लागतो. साधारण २८ आठवड्यांनंतर बहुतेक विमान कंपन्या डॉक्टरचं पत्र मागतात, ३६ आठवड्यांनंतर बसूच देत नाहीत. जुळं असेल तर ३२ नंतरच नाही म्हणतात. कंपनीगणिक एक-दोन आठवडे इकडेतिकडे होतात, म्हणून तिकीट काढण्याआधी विचारून घ्या.

दुसरी गाठ यूएईच्या व्हिसाची. रहिवासी व्हिसावरची व्यक्ती सलग सहा महिन्यांहून जास्त देशाबाहेर राहिली की व्हिसा रद्द होतो. सबळ कारण दाखवून परत यायची परवानगी मागता येते, पण दंड आणि धाकधूक वाट्याला येते. आता हिशेब करा. बाई २८ व्या आठवड्यात इकडे आली, बाळ ४० व्या आठवड्यात झालं. बारा आठवडे तिथेच गेले. सहा महिने म्हणजे साधारण २६ आठवडे, म्हणजे हातात उरले १४. त्यात जन्मदाखला, त्याचं साक्षांकन, बाळाचा पासपोर्ट, बाळाचा व्हिसा आणि तिकीट. आणि यातच आईची विश्रांती.

पासपोर्टच्या अर्जावर आईबाप दोघांची सही लागते. बाप परदेशात असेल तर त्याच्या संमतीचा कागद तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून आणावा लागतो. काय काय लागेल ते पासपोर्ट कार्यालयाकडून आधीच विचारून घ्या, म्हणजे ठाण्याच्या सेवा केंद्रात अपॉइंटमेंटच्या दिवशी आजी-आजोबांना बाळासकट परत फिरावं लागणार नाही.

येताना तिकडची पूर्ण फाईल आणा. सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्तगट, साखरेची तपासणी, चालू औषधं, सगळं. आल्याच्या आठवड्यातच इकडच्या डॉक्टरला दाखवा. आणखी एक गोष्ट. मुलगा की मुलगी हे तिकडे डॉक्टर सहज सांगतात. आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने ते विचारणं आणि सांगणं दोन्ही गुन्हा आहे. इकडे सोनोग्राफीला गेल्यावर तो प्रश्न काढायचा नाही.

तिच्याजवळ कोण असेल?

आता सगळ्यात महत्त्वाचं. कागद आणि पैसा यांचा हिशेब मांडता येतो, एकटेपणाचा मांडता येत नाही.

शारजातल्या एका खोलीच्या फ्लॅटचा विचार करा. नवरा सकाळी सहाला निघतो, रात्री आठला येतो. बाई दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलातून घरी आलेली. टाके दुखतायत, दूध उतरत नाही, बाळ रडतंय. शेजारी कोण राहतं ते माहीत नाही. यूएईच्या कायद्यात बापाला बाळासाठी पाच दिवसांची पगारी रजा आहे, ती संपली. व्हिडिओ कॉलवर अम्मी रोज दिसते, पण व्हिडिओ कॉलवरून बाळाला न्हाऊ घालता येत नाही. बाळंतपणानंतर आलेली उदासी अशा ठिकाणी वाढते. ती आजारासारखी बघावी, नाटक म्हणून नव्हे, आणि दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर डॉक्टरकडे न्यावं.

आता दुसरी बाजू. बाई माहेरी आहे, सगळे हाताखाली आहेत, पण नवरा नाही. बाळाच्या कानात अजान दिली मामाने किंवा नानांनी. बापाने बाळाला पहिल्यांदा हातात घेतलं ते चार-सहा महिन्यांनी, कधी वर्षाने, आणि बाळ त्याच्याकडे बघून रडलं. आपल्या मागच्या पिढीतल्या कितीतरी बापांचं आयुष्य असं गेलं. ते बोलले नाहीत, म्हणून त्यांना काही वाटलं नाही असं समजू नये.

मधला मार्गही आहे. बाळंतपणासाठी अम्मीला किंवा सासूला व्हिजिट व्हिसावर तिकडे बोलावून घेणं. दोन-तीन महिन्यांचं तिकीट, व्हिसा आणि विमा यांचा खर्च, बाईला इकडे आणून परत नेण्याच्या खर्चाशी ताडून बघा. पुष्कळदा तो जास्त निघत नाही, आणि नवराही जवळ राहतो. पण त्यासाठी अम्मीचा पासपोर्ट चालू हवा. तोही आधीच तपासा.

दीन काय म्हणतो आणि रिवाज काय म्हणतो

पहिलं बाळंतपण माहेरीच, आणि त्याचा खर्च माहेरच्यांनीच करायचा, हा रिवाज आहे. शरीअतचा हुकूम नाही. सूरह बकरहच्या २३३ व्या आयतीत दूध पाजणाऱ्या आईच्या खाण्या-कपड्याची जबाबदारी बापावर टाकली आहे. त्याच आयतीत, बाळाचं दूध तोडायचं असेल तर आईबापांनी आपसात सल्लामसलत करून राजीखुशीने ठरवावं, आणि बाळामुळे आईलाही त्रास होऊ नये, बापालाही होऊ नये, असा अर्थ आला आहे. दूध तोडण्यासाठी दोघांचा सल्ला लागतो, तर बाळ कुठे जन्माला यावं यासाठी तो किती लागेल?

माहेरच्यांनी प्रेमाने केलं तर चांगलंच आहे. पण रिवाजाच्या नावाखाली सुनेला सातव्या महिन्यात विमानात बसवून खर्च तिच्या अब्बांवर टाकणं, हे दीनच्या नावावर खपवू नये. चाळीस दिवसांची विश्रांतीही माहेराच्या घराशी बांधलेली नाही. निफासची जास्तीत जास्त मुदत हनफी मसलकात ४० दिवस आणि आपल्या बहुतेक कोकणी घरांच्या शाफई मसलकात ६० दिवस मानली जाते. हे दिवस कुठेही असले तरी तेच. अजान, नाव ठेवणं, अकीका यांतलं काहीही जागेवाचून अडत नाही. बाळ दुबईत असताना अकीका गावी करायचा असेल तर आपल्या आलिमांना विचारून तशी सोय करता येते.

मग ठरवायचं कसं?

आमच्या मते, नवऱ्याची नोकरी पक्की आहे, बायकोच्या विम्यात बाळंतपण आहे, जवळ एक तरी बाईमाणूस राहू शकतं आणि तिची तिथे राहण्याची इच्छा आहे, तर तिकडेच करावं. शेवटच्या महिन्यांत डॉक्टर बदलत नाही, लांबचा प्रवास टळतो आणि बापही जवळ राहतो.

विमा नाही, नोकरीचा भरवसा नाही, बाई व्हिजिट व्हिसावर आहे, किंवा दिवसभर एकटी राहणार आहे, तर इकडे यावं. पण वेळेत यावं आणि दवाखाना आधी ठरवून यावं.

आधीचं सिझेरियन, बीपी, साखर, जुळं, आधी बाळ दगावलेलं, असं काही असेल तर घरच्या मतांच्या आधी डॉक्टरचं मत घ्यावं. ते सांगतील तेच करावं.

आणि एक दुसरी सोयही तयार ठेवावी. मे २०२० मध्ये कोरोनाच्या काळात विमानं बंद असताना ‘वंदे भारत’ची पहिली विमानं सुटली, तेव्हा आखातातून परतू पाहणाऱ्यांत गर्भवती महिलांना प्राधान्य द्यावं लागलं होतं. ठरवलेलं एका दिवसात उलटू शकतं. माहेरी यायचं पक्कं असलं तरी तिकडच्या डॉक्टरकडे नाव घातलेलं असू द्या. तिकडेच राहायचं असलं तरी हाताशी तिकिटापुरते पैसे ठेवा.

पाचवा महिना संपायच्या आत नवरा-बायकोने एकदा शांत बसावं. आधी तिला विचारावं, तुला कुठे बरं वाटेल? मग विम्याची पॉलिसी, दोघांचे पासपोर्ट, मॅरेज सर्टिफिकेट आणि कॅलेंडर समोर घ्यावं. सगळं बघून जे ठरेल, ते अम्मी-अब्बांना आणि सासू-सासऱ्यांना दोघांनी मिळून सांगावं, म्हणजे नंतर एकटीवर बोल येणार नाही. घरातल्या मोठ्यांनीही मग ते मान्य करून दुआ द्यावी आणि कामाला लागावं. करायला काम भरपूर आहे.